आंबूस वासाचं शिक्षण

२००७ साली दिल्ली पोलिसांनी ईशान्य भारतातून राजधानीत येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी सुरक्षेच्या सूचनांची एक पुस्तिका काढली होती. कपडे कसे घालावेत, कोणत्या गल्लीतून जाऊ नये, अशा उपदेशांमध्ये एक सूचना थेट स्वयंपाकघरात शिरणारी होती. बांबूचे कोंब, अखुनी (आंबवलेलं सोयाबीन) आणि तत्सम उग्र वासाचे पदार्थ शेजारीपाजारी बोभाटा होणार नाही अशा बेताने शिजवावेत, असं तिच्यात म्हटलं होतं. पुस्तिकेवर टीका झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. परक्या शहरात आलेल्या पोरांना संरक्षण द्यायचं सोडून त्यांच्या चुलीवर पहारा बसवण्याचा हा प्रकार होता. मात्र त्या सूचनेने एक गोष्ट नकळत सरकारी कागदावर नोंदवून ठेवली: आंबवलेल्या अन्नाच्या वासावरून दिल्लीत भांडणं होतात.

अशा भांडणांना लागते तशी वस्ती म्हणजे मुनिरका. जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या शेजारचं हे मूळचं टोकस जाटांचं गाव. शेतं कधीच गेली, गावठाण उरलं आणि त्यावर एकाला एक चिकटून भाड्याच्या खोल्यांचे मजले चढले. गल्ल्या इतक्या अरुंद, की समोरच्या सज्जातल्या माणसाशी आवाज न चढवता बोलता येतं. मणिपूर, नागालँड, मिझोरम, आसाम, अरुणाचलमधून शिकायला आणि नोकरीला आलेली मुलंमुली इथे राहतात. त्यांच्यासाठी सुकवलेले मासे, बांबूचे कोंब, काळा तांदूळ आणि तिकडची जहाल मिरची ठेवणारी लहान लहान दुकानं आहेत. एका खोलीत अखुनी शिजली की तिन्ही मजल्यांना खबर लागते.

जपानी साकेवरचं, म्हणजे तिथल्या तांदळाच्या मद्यावरचं, प्रकरण मी इथून सुरू करतो आहे, याला दोन कारणं आहेत. साके कळायला जिभेच्या आधी नाकाचं मन वळवावं लागतं, हे पहिलं. आणि मुनिरक्यात राहणाऱ्या अनेकांच्या गावी घरोघर जे तांदळाचं पेय बनतं, ते साकेच्या नात्यातलं आहे, हे दुसरं. उंची हॉटेलांतल्या जपानी उपाहारगृहात बसून साके पिता येते, पण तिची भावकी तिथे भेटत नाही.

नातं कसं, ते पाहू. द्राक्षात साखर तयार असते. ती चिरडली की यीस्ट कामाला लागतं आणि वाइन होते. नाशिककरांना हे सांगायला नको. तांदळात साखर जवळपास नसते, असतं ते पिष्ट, आणि यीस्टला पिष्ट खाता येत नाही. आधी कोणीतरी पिष्टाची साखर करून द्यावी लागते. जगभर माणसाने याचे मुख्यतः तीन उपाय शोधले. पहिला, धान्य चावून थुंकणे. लाळेतलं विकर पिष्ट फोडतं. जपानमध्येही प्राचीन काळी हे चालत असे. दुसरा उपाय म्हणजे धान्याला मोड आणणे. बिअरच्या जवाचं तेच होतं आणि नागालँडमधल्या अंगामी लोकांच्या झुथोमध्ये मोड आलेल्या भाताचं. तिसरा उपाय बुरशीचा, आणि पूर्व आशियाने त्याच्यावर आपली सगळी मद्यसंस्कृती उभी केली.

आपलं घोडं अडतं ते या तिसऱ्या उपायापाशी. मराठी स्वयंपाकघराला आंबवणं परकं नाही. आंबोळी आहे, इडली केव्हाच आपली झाली, ताक तर रोजचं. मोहाची आणि ताडाची रीतही महाराष्ट्राला ठाऊक आहे. पण बुरशी म्हणजे नासाडी, हा आपला पक्का संस्कार. लोणच्याला बुरशी आली की बरणी रिकामी होते, पापडावर बुरा दिसला की डबा उन्हात जातो, शेंगदाणा खवट आणि हिरवट दिसला की फेकला जातो. शेवटच्या बाबतीत तर आपला संस्कार शंभर टक्के बरोबर आहे. शेंगदाण्यावरची ॲस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. गंमत अशी, की साके बनवणारी ॲस्परजिलस ओरायझी ही तिचीच माणसाळलेली बहीण. शतकानुशतकं माणसाच्या हाताखाली वाढताना तिच्यातली विष बनवणारी जनुकं निकामी झाली आहेत. आपण तिला नकळत गिळतही असतो: जेवणानंतरच्या पाचक गोळ्यांच्या वेष्टनावर ‘फंगल डायस्टेज’ असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ते या बुरशीचंच देणं. जोकिची ताकामिने या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १८९४ साली अमेरिकेत त्याचं पेटंट घेतलं होतं.

ईशान्येत या बुरशीचे भाऊबंद छोट्या सुक्या वड्यांत राहतात. मणिपूरचे मैतेई त्या वडीला हामेई म्हणतात. तांदळाचं पीठ आणि यांगली नावाच्या वेलीची साल कुटून, आधीच्या वडीचा चुरा विरजणासारखा लावून ती थापतात आणि वाळवतात. शिजवून गार केलेल्या भातात हामेई चुरून घातली की काही दिवसांत आतिंगबा तयार होते. तीच ऊर्ध्वपातित केली की ‘यू’. तिच्यासाठी सेकमाई आणि आंद्रो ही गावं प्रसिद्ध. आसामच्या दिमासा लोकांची वडी हुमाओ, तिच्यात थेंब्रा या झाडाची साल, आणि तिच्यापासूनची जुदिमा. या जुदिमाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मिसिंग लोक एका प्रकारच्या अपाँगमध्ये जाळलेल्या पेंढ्या-तुसाची राख मिसळतात, त्यामुळे ती काळपट होते. प्रत्येक वडीत रायझोपस, म्यूकर अशा बुरश्या, दोन-चार जातींची यीस्ट आणि आंबट करणारे जीवाणू यांची आख्खी वसाहत असते. वनस्पतीची साल प्रत्येकाची वेगळी आणि बहुतेक वेळा घरातल्या बाईलाच तिचं प्रमाण माहीत.

हे काही ईशान्येतच आकाशातून पडलेलं नाही. कौटिलीय अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचं प्रकरण आहे. त्यात मेदक नावाच्या तांदळाच्या मद्याचं माप दिलं आहे: एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ, तीन प्रस्थ किण्व. आणि ते किण्व बनतं उडीद, तांदूळ आणि वनस्पती यांच्या मिश्रणातून. उडीद-तांदूळ वाचून इडलीवाल्यांनी खुशाल मिशीला पीळ द्यावा. किण्वाची ही घरगुती परंपरा मध्य भारतातल्या आदिवासी भागांत टिकली, ईशान्येत टिकली. आपल्या पांढरपेशा स्वयंपाकघराच्या आठवणीतून मात्र ती पार पुसली गेली.

जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ सासुके नाकाओ यांनी १९६० च्या दशकात एक मोठा तर्क मांडला होता. हिमालयाच्या पूर्व पायथ्यापासून चीनमधल्या युनानमार्गे पश्चिम जपानपर्यंत सदाहरित रुंदपर्णी अरण्यांचा एक पट्टा आहे आणि त्या पट्ट्यात चिकट तांदूळ, आंबवलेलं सोयाबीन, चहा आणि बुरशीवर बनणारी मद्यं अशा गोष्टी एकत्र आढळतात, असं त्यांचं म्हणणं. स्वतः नाकाओ १९५८ साली भूतानमध्ये फिरून आले होते. या तर्काच्या तपशिलावर पुढे पुष्कळ वाद झाले. तरीही नागालँडची अखुनी आणि जपानचा नात्तो ही दोन्ही एकाच बॅसिलस सबटिलिस जीवाणूने आंबवलेली सोयाबीन आहेत हे कळल्यावर नकाशाकडे पुन्हा एकदा पाहावंसं वाटतं.

जपानने या सामाईक वारशाचं जे केलं ते मात्र त्याचं स्वतःचं. त्याने वसाहत फोडली. बुरशी वेगळी, यीस्ट वेगळं, जीवाणू वेगळे. प्रत्येकाला त्याची खोली आणि त्याची वेळ. वाफवलेल्या भातावर बुरशीची बीजं भुरभुरून, तिशीच्या वरच्या तापमानाच्या लाकडी खोलीत सुमारे दोन दिवस तिला वाढवतात. तयार होतो तो कोजी: पांढुरक्या तंतूंनी मढलेला, भाजलेल्या चेस्टनटसारख्या वासाचा भात. ही बीजं पिकवून विकणारी मोजकी घराणी आजही तिकडे आहेत. बीजं धरताना ती भातात लाकडाची राख मिसळतात. राखेत नको ते जंतू टिकत नाहीत, कोजी टिकतो. मिसिंगांची राख पेयात जाते, यांची बुरशीच्या बियाण्यात.

मग कोजी, वाफवलेला भात, पाणी आणि यीस्ट एका टाकीत येतात. भर एकदम घालत नाहीत. चार दिवसांत तीन हप्त्यांनी घालतात, मध्ये एक दिवस विश्रांतीचा, म्हणजे यीस्टची फौज पातळ होत नाही. पुढे तीन ते पाच आठवडे थंडाव्यात त्या टाकीत दोन कामं एकाच वेळी चालतात: बुरशीची विकरं पिष्टाची साखर करतात आणि यीस्ट ती साखर तिथल्या तिथे संपवतं. साखर कधी साचतच नाही, त्यामुळे यीस्टचा दम कोंडत नाही आणि ऊर्ध्वपातन न करता मद्यार्क वीस टक्क्यांच्या आसपास जाऊ शकतो. बाटलीत भरताना बहुतेक वेळा पाणी घालून तो पंधरा-सोळावर आणतात. डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोने कोजीवर आधारलेल्या या पारंपरिक कौशल्याला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत जागा दिली.

आता एका ठिकाणी थांबू. साके चाखायला शिकायची तर एका गावाची, एका भट्टीची धरावी. पंधरा बाटल्यांची ओळख करून घेण्यात हशील नाही. मी निवडलेली भट्टी ओकायामा प्रांतातली आहे, आणि निवडीत थोडा मराठी पक्षपात आहे. पुण्यात सिंहगड रस्त्यावर २००६ साली जे पु. ल. देशपांडे उद्यान झालं ते ओकायामातल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर आहे. मूळ बाग १७०० साली पुरी झाली आणि ती आसाही नदीच्या काठी आहे. त्याच नदीने डोंगराकडे वर गेलं की कात्सुयामा नावाचं लहान गाव लागतं. एकेकाळी मालवाहू होड्या तिथपर्यंत येत. दारोदार रंगवलेले पडदे लावलेल्या तिथल्या जुन्या रस्त्यावर १८०४ पासून त्सुजी घराण्याची भट्टी आहे. तिच्या साकेचं नाव गोझेनशू; स्थानिक सरदाराला ती जात असे, त्यावरून पडलेलं. २००७ पासून तिथली मुख्य कारागीर, म्हणजे तोजी, त्सुजी घराण्याचीच लेक माइको त्सुजी आहे. या धंद्यात बाईने भट्टीघरात पाऊलही ठेवू नये असा दंडक होता, तो फार जुना नाही.

ओकायामाचं धन म्हणजे ओमाची तांदूळ. १८५९ साली ओमाची गावचा जिन्झो किशिमोतो हा शेतकरी दाइसेन पर्वताच्या यात्रेहून परतत होता. वाटेत एका शेतात त्याला इतरांपेक्षा उंच वाढलेली भाताची दोन ताटं दिसली. त्याने त्यांच्या ओंब्या मागून घेतल्या आणि घरी लावल्या. आजचा सर्वांत नावाजलेला साके-तांदूळ यामादा निशिकी आणि निइगाताचा गोह्याकुमांगोकू या दोघांच्या वंशावळीत त्या दोन ताटांचं रक्त आहे. ओमाची स्वतः मात्र शेतकऱ्याला छळणारा. माणसाच्या उंचीला भिडतो आणि शरद ऋतूतल्या वादळात आडवा होतो. यंत्रशेतीच्या काळात तो इतका मागे पडला, की १९७० च्या दशकात काही हेक्टरांपुरता उरला. ओकायामातल्याच भट्टीवाल्यांनी शेतकऱ्यांना हाताशी धरून तो परत आणला. आज जगातला बहुतेक सगळा ओमाची ओकायामातच पिकतो. त्याचा दाणा मऊ असतो, टाकीत लवकर विरघळतो आणि साकेला भरीव, मातकट गोडी देतो. आपल्याकडच्या आंबेमोहराची आणि घनसाळची कहाणी ज्यांनी जवळून पाहिली आहे त्यांना यातलं काहीच नवं वाटणार नाही.

कात्सुयामाच्या भट्टीचं एक वैशिष्ट्य माझ्या विषयाच्या मुळाशी जातं. टाकीतल्या यीस्टला संरक्षण म्हणून आम्ल लागतं, नाहीतर भलतेच जंतू चढाई करतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून बहुतेक भट्ट्या तयार लॅक्टिक आम्ल ओततात. काम झटपट होतं. जुन्या रीतीत ते आम्ल जीवाणूंकडून मिळवत. त्यातली सर्वांत जुनी रीत बोदाइमोतो, नाराजवळच्या शोर्याकुजी या बौद्ध मठातली, मुरोमाची काळातली. कच्चा तांदूळ पाण्यात भिजत घालायचा, त्यात थोडा शिजलेला भात सोडायचा आणि पाणी आंबट होईपर्यंत काही दिवस वाट पाहायची. मग तांदूळ उपसून वाफवायचा आणि तेच आंबट पाणी भट्टीला वापरायचं. कात्सुयामाच्या भट्टीने १९८० च्या दशकात ही रीत पुन्हा हाती घेतली. आंबोळीचं पीठ रात्रभर ठेवून सकाळी झाकण उघडलं की जो वास नाकात शिरतो, तोच त्या टाकीच्या तोंडाशी असतो.

एका हिवाळ्यात ओकायामाला शिकून परतलेल्या एका मैत्रिणीने अशी एक बाटली मुनिरक्यात आणली. परदेशातून येणाऱ्या प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येतं, त्यामुळे ७२० मिलिलिटरची बाटली सहज बसते. (दिल्लीत मद्यपानाचं कायदेशीर वय पंचवीस आहे, खोलीत विद्यार्थी होते म्हणून ही नोंद, सगळे पंचविशीपुढचे.) इंफाळहून आलेल्या शेजाऱ्याला बोलावलं. त्याने कप नाकाशी नेला, थोडा वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, “घर की आतिंगबा जैसी है. बस, बहुत साफ है.”

यापेक्षा नेमकं वर्णन मी कुठल्याही तज्ज्ञाकडून ऐकलेलं नाही. ‘साफ’ म्हणजे काय ते वर सांगितलंच आहे: वसाहत फोडून एकेका जीवाला वेगळं काम दिल्याचा तो परिणाम. आणि ‘घर की’ म्हणजे त्या भट्टीने जीवाणूंना पुन्हा दार उघडून दिल्याचा.

चाखण्याची पद्धत अशी. जपानी परीक्षक पांढरा चिनी मातीचा कप वापरतात, तळाशी निळी दोन वर्तुळं असलेला. पांढऱ्यावर रंग दिसतो, निळ्याच्या कडेवर गढूळपणा कळतो. तो मिळाला नाही तर साधा पांढरा कप चालेल. स्टीलची वाटी नको, तिच्यात रंग कळत नाही. साके पाण्यासारखी असेल तर तिला कोळशाने गाळलेलं असू शकतं. किंचित पिवळसर असेल तर ते दोषाचं लक्षण मानू नये. तांदळाच्या साकेचा स्वाभाविक रंग तोच. गडद तपकिरीकडे झुकली असेल तर एकतर मुद्दाम मुरवलेली, नाहीतर उन्हात पडून बिघडलेली.

मग वास, आणि तो दोनदा. एकदा कपातून, एकदा तोंडात घोट धरून नाकाने श्वास सोडताना. दोन्ही सारखे नसतात. कपातून येणाऱ्या फळांच्या वासांत दोन संयुगं प्रमुख: आयसोअमाइल ॲसिटेट, जे पिकल्या केळ्यात असतं, आणि इथाइल कॅप्रोएट, जे सफरचंदाची आठवण देतं. दोन्ही यीस्ट बनवतं, फळाचा तिथे संबंध नाही. तोंडातल्या वासात भात येतो, पेज येते, आंबट दही येतं, कधी ओली माती आणि अळंबी. बोदाइमोतोच्या साकेत दही ठळक असतं.

घोट चहाच्या चमच्याएवढा पुरे. तो जिभेवर पसरू द्यावा, ओठांतून थोडी हवा आत ओढावी. गोड किती, आंबट किती, हे प्रत्येकाला कळतं. नवशिक्याकडून निसटतं ते उमामी, कारण आपल्याकडे ती चव रोज असते पण आपण तिला वेगळं काढत नाही. कोकणातल्या माणसाला मी एकच खूण सांगतो: तिसऱ्यांचा रस्सा. त्या रश्श्याला जी भरीव चव येते तिच्यामागे सक्सिनिक आम्लाचा हात असतो आणि साकेतल्या आम्लांतही तेच आघाडीवर. शेवटी गिळल्यानंतर, किंवा अनेक नमुने असतील तर शेजारच्या भांड्यात थुंकल्यानंतर, चव किती वेळ मागे रेंगाळते आणि कशी संपते ते पाहायचं. जपानी रसिक शेवट झटकन, स्वच्छ तुटण्याला फार मान देतात. मला ओमाचीचा लांबत जाणारा शेवट जास्त आवडतो. इथे पंचाईत अशी की दोन्ही बाजू आपापल्या जागी खऱ्या आहेत.

लेबलावरच्या आकड्यांबद्दल माझं मत जरा कडवट आहे. साकेच्या लेबलावर तांदूळ किती घासला ते लिहितात: ६० टक्के किंवा त्याहून कमी दाणा शिल्लक ठेवला तर गिंजो, ५० किंवा कमी तर दाइगिंजो. बाहेरच्या थरातली प्रथिनं आणि मेद काढून टाकले की वास नाजूक होतो, हे खरंच. जपानमध्ये १९११ पासून नव्या साकेची राष्ट्रीय स्पर्धा भरते. तिच्यात बक्षीस मिळवण्याचं सूत्रच धंद्यात रूढ होतं, ‘वायके ३५’: यामादा निशिकी तांदूळ, कुमामोतोचं यीस्ट, ३५ टक्क्यांपर्यंत घासणी. देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतच्या भट्ट्या एकाच सूत्राने साके करू लागल्या तर गावाची चव कुठे राहायची? २०१७ मध्ये यामागाताच्या एका भट्टीने एक टक्का दाणा उरवून साके काढली. निघालेल्या पिठाचे तांदळाचे कुरकुरे होतात, जनावरांच्या खाद्यात ते जातं, वाया काही जात नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही ९९ टक्के भात बाजूला सारून बनवलेल्या पेयाचं कौतुक करायला माझी जीभ वळत नाही. शिकणाऱ्याने ६५-७० टक्के दाणा राखलेली, फक्त तांदूळ, कोजी आणि पाणी यांची बनलेली जुनमाई घ्यावी. ती स्वस्तही असते आणि तांदळाबद्दल जास्त बोलते.

ती गरम करावी. ‘चांगली साके थंड, वाईट साके गरम’ हा समज पसरला त्याला युद्धोत्तर काळ कारण आहे. तांदळाच्या टंचाईत मद्यार्क आणि साखर घालून साके तिप्पट वाढवत असत, आणि तिचे दोष झाकायला ती कढत करत. पण लॅक्टिक आणि सक्सिनिक आम्लांची चव कोमट असतानाच खुलते; जुन्या रीतीच्या, दह्याकडे झुकणाऱ्या साकेला ऊब मानवते. जपानीत पाच-पाच अंशांच्या पायऱ्यांना नावं आहेत: ३५ अंशांची ‘माणसाच्या अंगाची ऊब’, ४० ची ‘कोमट’, ५० ची ‘कढत’. सुरईसारख्या लहान भांड्यात साके ओतून ते गरम पाण्यात उभं ठेवायचं, थेट आचेवर कधी नाही. जानेवारीत दिल्लीची रात्र सहा-सात अंशांवर उतरते आणि मुनिरक्यातल्या खोल्यांना ऊब आणणारी काही व्यवस्था नसते. चाळीस अंशांची साके कळायला याहून योग्य जागा शोधावी लागणार नाही.

सोबत काय खावं? कच्च्या माशाचाच आग्रह धरायचं कारण नाही. उमामीला उमामी भिडवावी. धुरी दिलेलं डुकराचं मांस आणि बांबूचे कोंब, सुक्या जवळ्याची चटणी, भाजलेला बोंबील, वालाचं बिरडं. तिखट जपून, मिरचीचा जाळ मद्यार्काने आणखी भडकतो. अखुनी मात्र या साकेसोबत इतकी जमते की आश्चर्य वाटतं. हे कात्सुयामाच्या भट्टीत सांगायची सोय नाही. हंगामात साके-कारागीर नात्तो खात नाहीत आणि पाहुण्यांनाही सकाळी नात्तो खाऊन येऊ नका असं सांगतात. त्यातला चिवट बॅसिलस कोजीच्या खोलीत शिरला तर आख्खी घाणी चिकट होऊन वाया जाते. म्हणजे मुनिरक्यात जो पदार्थ शेजाऱ्यांना नको, तो जपानच्या भट्टीदारांनाही नको, फक्त त्यांची तक्रार शास्त्रशुद्ध आहे.

साठवणीबाबत दिल्ली हे शहर साकेचं वैरी. एप्रिलपासून खोलीचं तापमान तिला सोसत नाही. उष्णतेने तिच्यात मुरलेल्या मुळ्याच्या लोणच्यासारखा गंधकी वास येतो आणि उजेडाने, विशेषतः पारदर्शक बाटलीत, चव कडवट होते. घेताना बाटलीवरची भरण्याची तारीख पाहावी, वर्षाच्या आतली असावी. जपानी लेबलावर वर्ष-महिना बहुतेकदा आकड्यांत असतो, भाषा येण्याची गरज नाही. दुकानदाराने ती खिडकीत सजवून ठेवली असेल तर दुसरं दुकान गाठावं. घरी वर्तमानपत्रात गुंडाळून फ्रिजमध्ये उभी ठेवावी, आडवी नको. उष्णतेने निर्जंतुक न केलेली ‘नामा’ साके दिल्लीत उन्हाळ्यात आणण्याच्या फंदात पडू नये.

उघडलेली बाटली आठ-दहा दिवसांत संपवलेली बरी. जुनमाई त्याहून थोडी तग धरते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कधी सुधारतेही. त्यानंतर जे उरेल ते स्वयंपाकात. जपानी घरात शिंपले साकेच्या वाफेवर शिजवतात. दिल्लीत आयएनए मार्केटच्या मासळी-गाळ्यांवर शिंपले आले असतील तर आणावेत, मिठाच्या पाण्यात ठेवून वाळू सोडू द्यावी, पसरट भांड्यात आल्याच्या चकत्यांवर मांडावेत, अर्धा कप साके ओतून झाकण ठेवावं. चार-पाच मिनिटांत तोंडं उघडतात. जे उघडत नाहीत ते काढून टाकावेत. मीठ घालू नये. शिंपल्यांचं पाणी पुरेसं खारट असतं.